फाटकाखालची नाळ

रोमानाने चुलीजवळचं स्टूल ओढलं, त्यावर चढून तुळईला टांगलेलं बैलाचं शिंग खाली काढलं आणि त्याच्या तोंडातला कापसाचा बोळा दातांनी ओढून बाहेर घेतला. आत बोट घातलं. दोन्ही पुड्या जागच्या जागी होत्या. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा.

"मिळाल्या का गं?" कातड्याच्या पडद्याआडून आवाज आला.

"मिळाल्या, बाईसाहेब."

"उंदरांनी काही..."

"तोंडसुद्धा लावलं नाही. उंदराने नाळ खाल्ली की पोर चोर निघतं म्हणतात, पण धाकटे मालक चोर नाही व्हायचे, काळजी नका करू."

पडद्यामागे दोना तेओदोरा हसली आणि हसल्यावर ओटीपोटात कळ आली म्हणून गप्प झाली. तिचा सव्वा महिना अजून सरला नव्हता. तोवर उंबरठा ओलांडायचा नाही, केस धुवायचे नाहीत, वाऱ्याला बसायचं नाही. समुद्रापलीकडून नवरी होऊन आलेली ती पोर. तिला बाळंतपण सांगायला आई नव्हती, सासू नव्हती. होती ती रोमाना.

रोमानाला सव्वा महिना नव्हता. मुलगी झाली आणि अंगातला ताप उतरायच्या आत ती पुन्हा चुलीपाशी उभी राहिली. मग बाईसाहेबांना मुलगा झाला, त्यांना दूध आलं नाही, तेव्हापासून दोन्ही बाळं तिच्याच अंगावर होती. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"इकडे ये. नीट ऐकून घे."

ती पडद्याआत गेली. खोलीत सगळं कातड्याचं होतं. दार कातड्याचं, पलंगाची वीण कातड्याची, भिंतीला टेकलेली पेटी कातड्याने मढवलेली. या मुलखात लाकडापेक्षा गुरं जास्त.

"लाल दोऱ्याची माझ्या लेकाची. ती गुरांच्या वाडग्याच्या फाटकात पुरायची, बरोबर मधोमध. कळप बाहेर पडायच्या आधी. जितकी खुरं वरून जातील तितकी गुरं त्याच्या नावावर होतील, असं हे म्हणतात." तेओदोराने उशीवरचं डोकं वळवलं. "आणि पांढऱ्या दोऱ्याची, तुझ्या लेकीची, यांच्या हातात दे. कळपाबरोबर जाताना ते ओएरास गावात आपल्या ताईकडे उतरणार आहेत. ताई तिच्या अंगणात डाळिंबाखाली पुरेल."

रोमानाने पांढऱ्या दोऱ्याची गाठ चिमटीत धरली.

"दूध सुटलं की मुलीला तिकडे पाठवायचंच आहे. मी ताईला शब्द दिलाय. आधीच नाळ तिथे पुरलेली असली म्हणजे पोर रुळेल. इथली आठवण काढून रडणार नाही. ताईला रडकी मुलं सोसत नाहीत."

"हो, बाईसाहेब."

"ताईच्या घरी फरशी आहे गं. दगडाची. पावसात चिखल होत नाही."

"हो, बाईसाहेब."

तेओदोरा थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "माझी आईने विहिरीपाशी पुरली होती. तिकडे समुद्रापलीकडे, ब्रागाला, आमच्या घरामागे. कधी कधी दुपारी मला त्या विहिरीच्या रहाटाचा आवाज येतो. इथे. तुला खोटं वाटेल."

"नाही वाटत," रोमाना म्हणाली. आणि खरंच वाटलं नाही.

या गोष्टीवर त्या मुलखात दुमत नव्हतं. मालकांचं नाही, गुलामांचंही नाही. नाळ जिथे मातीआड होते तिथे माणसाचा जीव दाव्याने बांधलेला राहतो. लांब नेलं तर झुरतो, आणि वाट मोकळी मिळाली की पाय आपोआप तिकडे वळतात. रोमानाच्या मुलीचा बाप बेंतो. त्याची नाळ कुठे होती ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तो किनाऱ्यावरून विकत आणलेला. मागच्या खेपेला मालकांनी त्याला गुरांबरोबर नेलं आणि गुरांबरोबर विकलं. याचा भरवसा काय, एवढंच म्हणाले होते.

झोळीत दोन्ही बाळं पायाला पाय लावून पडली होती. मुलगा झोपलेला. मुलगी जागी. रोमानाने तिला उचललं, पाठीशी घेतलं, फडक्याची गाठ छातीवर आवळली आणि बाहेर पडली.

पाऊस नुकताच संपला होता. एरवी हाडासारखा पांढरा दिसणारा माळ नदीपर्यंत हिरवा झाला होता. वाडग्यात शिंगांना जागा उरली नव्हती. एक शिंग हललं की शेजारची दहा हलत, आणि ती खळबळ पार पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचायची. नदीच्या पल्याड निळे, माथा कापल्यासारखे सपाट डोंगर. त्या डोंगरांचं नाव इथे कोणी घेत नसे. कोरड्या दिवसांत त्यांच्या माथ्यावर बारीक धूर दिसायचा. मालक म्हणायचे, वणवा आहे. दर वर्षी त्याच जागी, चुलीच्या धुराएवढाच लागणारा वणवा.

फाटकात कुस्तोदियो मामा उकिडवा बसला होता. अंगात कातडी बंडी, डोक्याला कातडी टोपी, पांढऱ्या दाढीत पहाटेची धूळ. पराणीच्या लोखंडी टोकाने तो माती उकरत होता. कळपाच्या पुढे चालणारा माणूस तोच. त्याच्या हातात दोर नसायचा, चाबूक नसायचा. तो नुसती साद घालायचा आणि गुरं मागून यायची.

"आलीस? मला वाटलं, नाळ घेऊन ओएरासला तूच निघालीस."

"मामा, सकाळी सकाळी टोचू नका."

"मी गुरांना टोचतो. माणसांना जरा कमी." त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं. "झोपलीय?"

"जागी आहे. बघतेय."

"काय बघतेय एवढं?"

"सगळंच."

मामा उठून मागे गेला आणि वाकून बघू लागला. मुलीचे डोळे टक्क उघडे होते. धुळीतून तिरपा येणारा सूर्य, शिंगं, म्हाताऱ्याची दाढी, सगळं त्यांत एकदमच मावत होतं. मामाने आपोआप टोपी काढली. मग काढली हे लक्षात येऊन पुन्हा घातली.

"नाव काय ठेवणार?"

"पाद्री येईल तेव्हा ठेवतील."

"तोवर?"

"तोवर माझी."

तो पुन्हा खड्ड्यापाशी बसला. "दे. लाल कोणती, पांढरी कोणती? दोरे काय, इकडचा तिकडे बांधता येतो. एवढी सगळी गुरं पोरीच्या नावावर. कोणाला कळतंय."

तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. रोमानाने लाल दोऱ्याची पुडी मुठीत क्षणभर दाबून धरली. मग खाली वाकून आपल्याच हाताने ती खड्ड्यात ठेवली.

"त्यालाही मीच पाजते, मामा."

"बरं."

"मालक कुठेत?"

"खोगीर आवळतायत. दोनदा विचारून गेले, रोमाना पुडी घेऊन आली का म्हणून."

ती उठली नाही. खड्ड्याच्या कडेची माती बोटांनी सारखी करत राहिली. "तुमचीही इथेच आहे ना?"

हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हाताऱ्या मालकांच्या काळात, सगळ्यांच्या देखत, कुस्तोदियोच्या आईने लेकाची नाळ याच फाटकात पुरली होती. म्हणून तर त्याला घोडा मिळाला, कमरेला सुरी मिळाली. दर वर्षी तो गुरं घेऊन पार बाहियाच्या बाजारापर्यंत जायचा आणि पायात बेडी नसताना एकटा परत यायचा. मालक पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे: याची नाळ माझ्या फाटकाखाली आहे, हा जाणार कुठे.

मामाने पराणी मांडीवर आडवी घेतली. वाडग्यात एक गाय हंबरली, तिला दुसरीने साथ दिली.

"इथे आहे ती वासराची," तो म्हणाला.

रोमानाने मान वर केली.

"आईने पुरली ती वासराची होती. सुकली की कोणाची कोणती, कळत नाही. माझी तिने एकाच्या हाती दिली. तो पळून नदीपलीकडे निघाला होता. गेला." त्याने डोंगरांकडे बोट केलं नाही, मानही वळवली नाही. नुसती टोपी सारखी केली.

"मग दर वर्षी परत का येता?"

"आई होती." त्याने पराणीचं टोक बंडीला पुसलं. "ती गेली तर तुझी आई होती. मग तू झालीस. एवढीशी, सारखी खोकणारी. वाटायचं, हिचा खोकला बरा झाला की बघू."

"खोकला केव्हाच बरा झाला, मामा."

"हो ना. पण सवय लागली."

दोघंही हसली नाहीत. घोड्याच्या टापा गोठ्याच्या बाजूने वाजल्या आणि थांबल्या. मालक कोणाला तरी शिव्या देत होते. मामाने कमरेच्या पिशवीत हात घातला आणि तळहात तिच्यापुढे धरला. त्यावर वाळलेलं, काळपट, वाटोळं झालेलं काहीतरी होतं.

"गेल्या आठवड्यातल्या कालवडीची. ही पुरली की पोर फाटकाची झाली. मग तिला ओएरासला न्यायची यांचीच छाती होणार नाही. तुझ्याजवळ राहील."

"आणि तिची?"

"आमची वाट नदीच्या काठाने जाते. यंदा पाण्याला उतार आहे." तो थांबला. "पण आधी समजून घे. खरी जिथे जाईल तिकडे एक दिवस तिचे पाय वळतील. त्या दिवशी तू आडवी यायचं नाहीस. माझी आई आडवी आली नव्हती. मीच आलो."

रोमानाचा हात मागे गेला. फडक्यातून मुलीचं एक पाऊल बाहेर आलं होतं. ते तिने मुठीत घेतलं. तळवा इतका मऊ होता की त्याला अजून कुठल्याच मातीने हात लावलेला नाही हे बोटांना कळत होतं. एक विचार तिच्या मनात येऊन उभा राहिला: खरीच इथे पुरावी. वासराची कशाला? खरीच. मग दोघी इथे, याच चुलीपाशी, याच झोळीखाली, आपले केस पांढरे होईपर्यंत. मुलगी कधी झुरणार नाही, कधी जाणार नाही. आपण हाक मारली की शेजारच्या खोलीतून ओ देईल.

शेजारच्या खोलीतून. बाईसाहेबांच्या पडद्याआडून.

मुलीने मुठीतून पाऊल ओढून घेतलं. जोर कसला, पाखराने पंख हलवावा इतका. पण ओढून घेतलं.

रोमानाने पांढरी गाठ दातांनी सोडली. आतली नाळ एकदाच पाहिली, वाळलेल्या मिरचीच्या देठासारखी. हिच्यातून आपण या जिवाला पोसलं हे खरं वाटेना. तिने ती मामाच्या दुसऱ्या हातावर ठेवली. त्याने टोपी काढून अस्तराच्या शिवणीत ती सरकवली आणि टोपी नेहमीपेक्षा थोडी घट्ट बसवली. वासराची नाळ फडक्यात गेली, फडकं पांढऱ्या दोऱ्यात, पुडी लाल पुडीशेजारी. रोमानाने दोन्ही हातांनी माती लोटली. मामाने टाचेने दाबली.

"झालं का?" मालक, कपितान गोन्सालो, घोड्यावरून आले. "चल, ताईंची पुडी दे."

"पुरली, मालक."

"काय पुरली?"

"दोन्ही पुरल्या."

ते घोड्यावरून उतरले. "तुला काय सांगितलं होतं?"

"बाईसाहेब म्हणाल्या, फाटकात पूर."

"एक पूर म्हणाली."

"चुकलं, मालक."

मालकांचा चाबकाचा हात वर गेला. रोमाना मागे सरली नाही, वळलीही नाही. पाठीवर मूल होतं, म्हणून तिने तोंड पुढे केलं. वादी खांद्यावरून गळ्यापर्यंत उमटली. मुलगी रडली नाही. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा कुस्तोदियो मामा मधे आला नाही. त्याने फक्त पराणी मातीत रोवली आणि सावकाश विचारलं,

"खणू का, मालक?"

हात तसाच राहिला.

"दोन्ही एकाच खड्ड्यात आहेत. खणायचं म्हणजे धाकट्या मालकांचीही उघड्यावर येईल. ऊन लागेल तिला. तुम्ही म्हणाल तसं."

मालकांनी मातीकडे पाहिलं. मग घराकडे, पडदा ओढलेल्या खिडकीकडे. चाबूक डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्या हाताने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली.

"तुझी ही जीभ एक दिवस कापून टाकीन, म्हाताऱ्या."

"मग साद तुम्हालाच घालावी लागेल, मालक. गुरं काय म्हणतील?"

घोड्यांवरच्या गड्यांत कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मालक ताठ वळले, रिकिबीत पाय घातला आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "आगळ काढ."

मामा घोड्यावर बसला, फाटकाबाहेर वीसेक हात जाऊन उभा राहिला, वाडग्याकडे पाठ करून. गड्यांनी एकेक आगळ उतरवली. गुरांनी वाट उघडी पाहिली तरी ती हलली नाहीत. वारासुद्धा पडल्यासारखा झाला.

मग त्याने साद घातली.

शब्द नव्हता त्यात. आधी श्वासाएवढा स्वर, मग तोच लांबत, चढत, माळावर पसरत गेला, आणि तो कुठून येतोय हे कळेनासं झालं; म्हाताऱ्याच्या गळ्यातून की जमिनीतून. रोमाना जन्मापासून दर वर्षी ऐकत आली होती, तरी तिच्या अंगावर काटा आला. वाडग्यातल्या झाडून सगळ्या शिंगांचं तोंड एकाच दिशेला वळलं. पुढच्या गायीने मान खाली घालून फाटकातली माती हुंगली, फुंकर सोडली आणि पाऊल टाकलं. तिच्यामागे दुसरी. मग पूर आला. तांबड्या, काळ्या, भुऱ्या पाठींचा, शिंगांचा, खुरांचा. भुई पायांखाली घुमू लागली, कुंपण थरथरलं, आणि धुळीचा एवढा मोठा पडदा उठला की त्यातून सूर्य ताटाएवढा, हात लावता येईल असा दिसला. मालकांनी टोपी छातीशी धरली होती. गड्यांनीही. या माळावर ज्याला जे हवं ते त्याने आपलं म्हणावं, पण त्या घटकेला ते कुणाचंच नव्हतं. होता तो आवाज, आणि त्याच्यामागे चाललेलं हे सगळं.

शेवटचं वासरू गेलं तेव्हा फाटकातली जमीन कुठल्याही जमिनीसारखी दिसत होती. खड्डा कुठे होता ते रोमानालाही सांगता आलं नसतं.

घरात मुलगा भुकेने लालबुंद झाला होता. तिने दोघांना घेतलं, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि पडद्यामागे जमिनीवर बसली. बाहेरचं सगळं तेओदोराला आधीच कळलं होतं; खिडकी बंद असली तरी कान उघडे होते.

"दोन्ही पुरल्यास."

"हो, बाईसाहेब."

"मुद्दाम?"

रोमानाने मुलाचं नाक दाबलं जाऊ नये म्हणून छाती बोटाने मागे धरली.

तेओदोरा कोपरावर उठली. तिची नजर रोमानाच्या गळ्यावरच्या वळावर गेली, मग मुलीकडे गेली आणि तिथेच राहिली. आता ओरडेल असं रोमानाला वाटलं. पण ती पुन्हा आडवी झाली.

"आता ती तिकडे गेली तरी रडेल," छताकडे बघत ती म्हणाली.

"रडेल."

"दुपारची. सगळे झोपल्यावर." तिने पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं. "गुरांचा आवाज येत राहील तिला. दगडाच्या फरशीवर बसून."

रोमानाने मुलाला अंगावर जरा वर घेतलं.

"नको मग. ताईला मी दुसरं काहीतरी देईन." आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "माती कशी होती गं? खोल?"

"पुरेशी होती, बाईसाहेब."

"बरं झालं," तेओदोरा म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली, किंवा झोपल्यासारखी पडून राहिली.

साद अजून येत होती. आता ती नदीच्या अंगाने येत होती, बारीक, तुटत तुटत, पण येत होती. मुलाने डोळे मिटून दूध ओढणं चालू ठेवलं. मुलगी मात्र प्यायची थांबली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. तिने मान वळवली, खिडकीकडे, आवाज होता त्या बाजूला.

रोमानाने हलकेच तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं. तिने पुन्हा वळवलं.

रोमानाचा हात तिच्या गालापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तिने तो काढून घेतला.